‘फास्ट’ची जात कोणती?

सोमवार सोडायला आजी पानावर बसणार, तोच सहावीतल्या नातीने वही आणून आईपुढे आपटली.

“तूच सांगितलं होतंस ना, फास्ट म्हणजे विशेषण? बघ, बाईंनी फुली मारली!”

वाक्य होते, ‘ग्रँडमदर कीप्स अ फास्ट ऑन मंडेज.’ आईने आदल्या रात्री पोळ्या लाटता लाटता, वहीकडे न पाहताच उत्तर दिले होते. फास्ट म्हणजे वेगवान आणि वेगवान म्हणजे विशेषण, यात चुकण्यासारखे काय होते? पण या वाक्यात वेगाचा प्रश्नच नव्हता. प्रश्न आजींच्या उपवासाचा होता, म्हणजेच नामाचा. फुलीचे आईला एवढे वाटले नाही. लेक पुढे म्हणाली, “आता मी क्लासमध्येच विचारीन, तू मराठी मीडियमची,” ते मात्र लागले.

अशा आया आपल्याकडे घरोघरी आहेत. महाराष्ट्रात मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले ते २००० साली. त्याआधी शिकलेल्यांची ए-बी-सी-डीशी ओळख झाली ती पाचवीत. साहजिकच मुलांचे इंग्रजी व्याकरण समोर आले की त्या बिचकतात. वास्तविक नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद ही यादी त्यांना तोंडपाठ असते आणि तीच इथे उपयोगी पडते. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली, अवघ्या बाविसाव्या वर्षी मराठीचे व्याकरण लिहिले, तेव्हा त्यांच्यासमोर नमुना होता लिंडले मरे यांच्या १७९५ सालच्या इंग्रजी व्याकरणाचा. पुढे आपल्या शाळांतून रुळलेल्या शब्दांच्या आठ जाती इंग्रजीच्या जातींशी जवळजवळ जोडीने जुळतात, त्या काही योगायोगाने नव्हे. मराठी शाळेत घोकलेले व्याकरण इंग्रजीचे चुलत भावंडच आहे म्हणा ना!

मग आईचे चुकले कुठे? तिने शब्दाचा अर्थ विचारला, त्याचे काम विचारले नाही. मराठीत शब्दाची जात पुष्कळदा त्याच्या अंगावरच दिसते. ‘गरीब माणूस’मध्ये ‘गरीब’ विशेषण, पण ‘गरिबांना मदत करा’ म्हटले की प्रत्यय लागला आणि तो नामासारखा वागू लागला. इंग्रजी शब्द असे कपडे फारसे बदलत नाही. जागा बदलतो आणि जागेबरोबर जात बदलते. ‘अ फास्ट ट्रेन’मध्ये फास्ट हे विशेषण. ‘शी रन्स फास्ट’मध्ये धावण्याबद्दल सांगते, म्हणून क्रियाविशेषण. ‘दे फास्ट ऑन मंडेज’मध्ये उपवास करतात, म्हणून क्रियापद. आजींचा तो नाम. एकच शब्द, चार कामे! (सकाळच्या ‘ब्रेकफास्ट’मध्येही हा उपवासाचाच फास्ट आहे. रात्रभराचा उपवास तिथे मोडतो.)

आपल्याकडेही असे होतेच. ‘तो मागे राहिला’ यात ‘मागे’ क्रियाविशेषण, तर ‘घरामागे विहीर आहे’ यात तेच शब्दयोगी अव्यय. हे उदाहरण मुलांना आधी द्यावे, म्हणजे इंग्रजीतला घोटाळा परका वाटत नाही.

घरी करण्यासारखी युक्ती साधी आहे. शब्द एकटा पाहायचाच नाही, पूर्ण वाक्य मोठ्याने वाचायचे. आधी ‘अ’ किंवा ‘द’ आहे का? असल्यास पुढे कुठेतरी नाम येणारच. ते लगेच येईल किंवा मध्ये विशेषण घेऊन येईल. ‘अ फास्ट’नंतर ट्रेन आली तर फास्ट विशेषण, काहीच नाम आले नाही तर फास्ट स्वतःच नाम. वाक्य कालचे करून पाहावे. जो शब्द ‘फास्टेड’ असा बदलेल ते क्रियापद. शेवटच्या ‘ली’वर मात्र भरवसा ठेवू नये. ‘स्लोली’ क्रियाविशेषण खरे, पण ‘फ्रेंडली’ आणि ‘कॉस्टली’ ही विशेषणे आहेत.

नाम आणि विशेषण यांत मूल गोंधळले म्हणून ओरडण्याचेही कारण नाही. जुने लॅटिन व्याकरणकार विशेषणाला नामाचाच एक प्रकार मानत. पाणिनीच्या व्यवस्थेतही दोन्ही सुबन्तच, म्हणजे एकाच तऱ्हेचे प्रत्यय घेणारी. यास्कांच्या निरुक्तात तर नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात अशा चारच जाती आहेत, विशेषणाला वेगळा पाट नाही.

जाणत्यांचेही सगळीकडे एकमत नाही. ‘माय बुक’मधल्या ‘माय’ला एक पुस्तक सर्वनाम म्हणते, दुसरे विशेषण, तर नवे व्याकरणकार ‘डिटरमिनर’ नावाची निराळीच जात काढतात. दोन पुस्तके घेऊन बसलेल्या आईला वाटते, आपलेच काहीतरी चुकते आहे. तसे नसते. परीक्षेत वर्गातल्या पुस्तकातले नाव लिहावे, हे व्यवहाराचे झाले. दुसरे नाव का दिले जाते, ते मुलांना तोंडी सांगून ठेवावे.

त्या सोमवारी आईने वही उघडी ठेवून आधी आजींना वाढले. मग लेकीला म्हणाली, “वाक्य वाच पाहू. नीट, मोठ्याने.” आजींनी घास हातात धरून विचारले, “माझ्याबद्दल काय लिहिलंय गं?”