हरलेल्या संघाची गोष्ट

मार्च महिना आला की अमेरिकेत कॉलेजांच्या बास्केटबॉलचे वेड लागते. मुलांचे सामने तिकडे घरोघरी पाहिले जातात. मुलींचीही अशीच राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा असते. आज तिच्यात ६८ कॉलेजांचे संघ उतरतात. नियम सरळ आहे, जो हरला तो घरी गेला. शेवटी उरलेल्या चार संघांना ‘फायनल फोर’ म्हणतात. अंतिम सामना जिंकणाऱ्या मुली शिडीवर चढून बास्केटची जाळी कात्रीने कापतात आणि तिचे तुकडे आठवण म्हणून जपून ठेवतात. जिंकणाऱ्यांची नावे वर्तमानपत्रांत येतातच. मला आज एका हरलेल्या संघाविषयी, आणि त्या संघाला शिकवणाऱ्या बाईंविषयी लिहायचे आहे.

हा खेळ १८९१ मध्ये निघाला आणि पुढच्याच वर्षी स्मिथ कॉलेजातील सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने तो मुलींना शिकवला. पण मुलींना फार धावणे झेपणार नाही, अशी शहाण्या लोकांची समजूत! म्हणून मैदानाचे तीन भाग पाडून ज्या-त्या मुलीने आपल्या भागातच खेळायचे, असा नियम झाला. पुढे नियम बदलत गेले, तरी मुलींना संपूर्ण मैदानभर धावायला मिळाले ते १९७१ मध्ये. म्हणजे जवळजवळ ऐंशी वर्षे लागली. ज्या १९७२ साली अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन मुंबईत दलित पँथर उभी राहिली, त्याच साली तिकडे एक कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेने स्त्री-पुरुष भेद करायचा नाही, एवढेच त्यात होते. खेळाचा शब्दही त्यात नव्हता, पण मुलींच्या खेळाला बळ मिळाले ते त्यातूनच. कॉलेजांच्या खेळांचा कारभार पाहणाऱ्या एन.सी.ए.ए. या बलाढ्य संघटनेने आधी या कायद्याला विरोध केला, आणि मग १९८२ मध्ये मुलींची स्वतःची स्पर्धा सुरू केली. तोपर्यंत बायकांनीच चालवलेली एक संघटना ही स्पर्धा भरवत होती. मोठ्या संघटनेपुढे ती टिकली नाही, त्याच वर्षी बंद पडली. याचे मला आजही वाईट वाटते.

त्या १९८२ च्या पहिल्या स्पर्धेत ३२ संघ होते. त्यांत एक संघ पेनसिल्व्हेनियातील चेनी स्टेट कॉलेजचा. फिलाडेल्फियाजवळचे हे कॉलेज १८३७ मध्ये सुरू झाले. तेव्हा अमेरिकेत गुलामगिरी जिवंत होती आणि दक्षिणेकडे गुलामाला अक्षर शिकवणे हाही गुन्हा होता. रिचर्ड हम्फ्रीज नावाच्या एका क्वेकर गृहस्थाने मृत्युपत्रात दहा हजार डॉलर ठेवले, त्यातून कृष्णवर्णीय मुलांसाठी ही शाळा निघाली. कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थांत ती सर्वांत जुनी मानली जाते. पैशाची चणचण मात्र कायमचीच.

१९७० च्या दशकाच्या आरंभी व्हिव्हियन स्ट्रिंगर तिथे शिकवायला आल्या. कोळसा खाणीत काम करणाऱ्या कामगाराची ही मुलगी. त्यांच्या शाळेत मुलींचा संघच नव्हता. म्हणून सामन्यात आपल्या मुलांना ओरडून उत्तेजन देणाऱ्या मुलींच्या पथकात त्यांनी नाव दिले. गुण असूनही निवड झाली नाही, कारण त्या पथकात सगळ्या गोऱ्या मुली. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचे लोक घरी आले, शाळेच्या समितीपुढे तक्रार नेऊया म्हणाले. मुलगी घाबरली. वडिलांनी तिला समजावले की हे तुझ्या एकटीपुरते नाही. शेवटी समितीला नमते घ्यावे लागले.

चेनीत त्या शारीरिक शिक्षण शिकवत, आणि मुलींच्या संघाला वेगळा मोबदला न घेता खेळ शिकवत. मुलांच्या संघाचे गुरू होते जॉन चेनी, त्यांचे आडनाव आणि कॉलेजचे नाव उच्चाराने सारखेच. जिमखाना एकच, तेव्हा दोघे मिळून सराव घेत आणि एकमेकांकडून शिकत. मुलींना मुलांसमोर खेळण्याची सवय झाली ती अशी.

आता जे सांगते ते वाचून काहींच्या मनात प्रश्न येईल. १९८१ च्या नोव्हेंबरात बाईंची चौदा महिन्यांची मुलगी मेंदूज्वराने आजारी पडली. जीव वाचला, पण पुढे तिला कधी चालता-बोलता आले नाही. मार्चमध्ये संघ ‘फायनल फोर’साठी व्हर्जिनियातील नॉरफोक शहरी गेला, तेव्हा बाळ रुग्णालयातच होते. आजारी लेकरू सोडून आई खेळाच्या मैदानावर जातेच कशी? मी स्वतः तापाने फणफणलेले मूल सासूबाईंच्या मांडीवर ठेवून ऑफिसची वेळ गाठली आहे, आणि दिवसभर तिथे काय लिहिले ते मला आठवत नाही. ज्यांच्यावर ही पाळी आली त्या हा प्रश्न विचारणार नाहीत. आणि बापाला तर तो कोणीच विचारत नाही!

चेनीच्या मुलींनी ऑबर्न, नॉर्थ कॅरोलिना स्टेट, कॅन्सस स्टेट अशा मोठ्या विद्यापीठांना हरवले. उपांत्य सामन्यात मेरीलँडला ७६-६६ असे नमवले. २८ मार्च १९८२ रोजी अंतिम सामन्यात समोर होते लुइझियाना टेक. आदल्या वर्षी एकही सामना न गमावता अजिंक्य ठरलेला हा संघ. चेनीकडे व्हॅलेरी वॉकर, योलांडा लेनी अशा उत्तम खेळाडू होत्या, परंतु तो दिवस त्यांचा नव्हता. ७६-६२ असा पराभव झाला. कृष्णवर्णीयांच्या कॉलेजचा दुसरा कोणताही संघ, मुलांचा वा मुलींचा, एन.सी.ए.ए.च्या वरच्या श्रेणीतील अंतिम सामन्यापर्यंत त्यानंतर पोहोचलेला नाही.

त्याच दिवशी फिलाडेल्फियात जुन्या संघटनेच्या शेवटच्या स्पर्धेचा अंतिम सामना झाला आणि रटगर्स विद्यापीठाचा संघ जिंकला. याच रटगर्समध्ये स्ट्रिंगरबाई १९९५ मध्ये गेल्या. मधली बारा वर्षे त्या आयोवा विद्यापीठात होत्या. तिथेच १९९२ मध्ये हृदयविकाराने त्यांचे पती गेले आणि पदरात तीन मुले राहिली. काही महिन्यांनी, १९९३ मध्ये, आयोवाचा संघ ‘फायनल फोर’मध्ये होता. रटगर्सही २००० मध्ये तिथे पोहोचले. तीन वेगवेगळ्या संस्थांचे संघ तिथवर नेणाऱ्या त्या पहिल्याच.

२००७ मध्ये रटगर्स अंतिम सामन्यात टेनेसीकडून ५९-४६ असा हरला. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉन आयमस नावाच्या रेडिओवरील एका प्रसिद्ध गृहस्थाने या मुलींच्या केसांवरून आणि चारित्र्यावरून अत्यंत घाणेरडी थट्टा केली. तो शब्द मी या पानावर लिहिणार नाही. संघातल्या बहुतेक मुली कृष्णवर्णीय, काही तर पहिल्या वर्षाच्या, सतरा-अठराच्या पोरी. घरी जाऊन आई-बापांना तोंड दाखवून मिरवायचे दिवस, आणि वाट्याला काय आले! बाईंनी मुलींना पत्रकारांसमोर बसवले. एकेकीने उठून आपले नाव, आपले शिक्षण आणि आपल्या मनाला काय लागले ते शांतपणे सांगितले. आरडाओरडा नाही, शिवी नाही. आठवडाभरातच त्या गृहस्थाची नोकरी गेली. तरीही मुली त्याला भेटल्या, त्याचे ऐकून घेतले आणि त्याची माफी स्वीकारली. मला स्वतःला एवढे मोठे मन दाखवता आले असते की नाही, सांगवत नाही.

स्ट्रिंगरबाई २००९ मध्ये मायकेल जॉर्डन यांच्यासोबत बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेल्या, आणि २०२२ मध्ये १,०५५ विजय नावावर घेऊन निवृत्त झाल्या. राष्ट्रीय अजिंक्यपद मात्र एकदाही मिळाले नाही. ते मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला प्रशिक्षक कॅरोलिन पेक, १९९९ मध्ये, पर्ड्यू विद्यापीठाकडून. पेकबाईंनी आपल्या जाळीचा एक तुकडा २०१५ मध्ये साउथ कॅरोलिनाच्या डॉन स्टेली यांना दिला. तू जिंकलीस की मला परत कर, एवढीच अट. फिलाडेल्फियाच्या गरीब वस्तीत वाढलेल्या स्टेली २०१७ मध्ये जिंकल्या, आणि पुढे आपली जाळी कापून तिचे तुकडे त्यांनी देशभरातील कृष्णवर्णीय महिला प्रशिक्षकांना पाठवले. त्यांच्या संघाने २०२४ मध्ये आयोवाला हरवले तो अंतिम सामना अमेरिकेत मुलांच्या अंतिम सामन्यापेक्षा जास्त लोकांनी पाहिला. तरी तीनच वर्षांपूर्वी, २०२१ मध्ये, मुलांच्या संघांना मोठी व्यायामशाळा आणि मुलींच्या संघांना डंबेल्सचा एक छोटा घोडा, असा प्रकार त्याच स्पर्धेत झाला होता. एका खेळाडू मुलीने त्याचे चित्रण करून जगाला दाखवले, तेव्हा कुठे लाज वाटली.

चेनी कॉलेजची परिस्थिती खालावत गेली. पैशाअभावी २०१८ मध्ये त्यांनी एन.सी.ए.ए.मधून अंग काढून घेतले. १९८२ च्या संघातील योलांडा लेनी हिची मुलगी बेटनायजा रटगर्समध्ये स्ट्रिंगरबाईंच्याच हाताखाली खेळली. २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या लिबर्टी संघाने व्यावसायिक महिला बास्केटबॉलचे अजिंक्यपद जिंकले, त्या संघात ती होती.