जांभळाचा रंग आणि जाहिरातीची भाषा

मृगाच्या सरी आल्या की बेंगळुरूच्या रस्त्यांच्या कडेला हातगाड्यांवर जांभळांचे ढीग दिसू लागतात. कन्नडमध्ये या फळाला ‘नेरळे हण्णू’ म्हणतात. त्याच शहरातील वातानुकूलित दुकानांत परदेशांतून आलेल्या ब्लूबेरीच्या इवल्याशा डब्या मांडलेल्या असतात. वजनास वजन लावले, तर ही ब्लूबेरी जांभळाच्या कितीतरी पट महाग पडते. तरीही ‘अँटिऑक्सिडंटने समृद्ध’ या दोन शब्दांवर ती विकली जाते. हातगाडीवरच्या जांभळाला असे बिरुद कोणी लावत नाही.

वास्तविक या दोन्ही फळांचा रंग एकाच कुळातला आहे. त्या रंगद्रव्यांना अँथोसायनिन म्हणतात. 1835 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ मार्क्वार्ट यांनी ‘फूल’ आणि ‘निळा’ या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांवरून हे नाव घडवले. करवंद, तुती, कोकम, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, इतकेच काय, वांग्याची सालसुद्धा याच द्रव्यांनी रंगते. (वनस्पतिशास्त्राप्रमाणे स्ट्रॉबेरी ही खरी ‘बेरी’ नव्हे आणि वांगे मात्र आहे, पण तो वाद शास्त्रज्ञांवर सोपवू.) मराठीने तर एका रंगालाच जांभळाचे नाव दिले.

हे रंगद्रव्य मोठे चंचल असते. आंबट द्रवात ते लाल दिसते, आंबटपणा कमी झाला की जांभळे होते आणि साबणासारख्या अल्कधर्मी पदार्थाच्या संगतीने निळसर-हिरवट छटा घेते. कपड्यावरील जांभळाचा डाग साबण लावताच रंग बदलतो, तो यामुळेच. कोकम आंबट, म्हणून त्याचे सरबत लालचुटूक. झाड हा सारा खटाटोप आपल्यासाठी करत नाही. पक्ष्यांना पिकल्या फळाची खूण पटावी, त्यांनी ते खावे आणि बी दूर जाऊन पडावे, हा त्यामागील एक हेतू. कडक उन्हापासून पेशींचे रक्षण करणे, हा दुसरा.

आता ‘अँटिऑक्सिडंट’ म्हणजे काय ते पाहू. चिरलेले वांगे थोड्याच वेळात काळे पडते, कारण हवेतील प्राणवायूशी त्याचा संयोग होतो. त्यावर लिंबू पिळले तर ही क्रिया मंदावते. आपल्या शरीरातही प्राणवायूचा वापर होताना काही अतिक्रियाशील कण निर्माण होतात आणि ते पेशींना इजा करू शकतात. अशा कणांना निष्प्रभ करणारी द्रव्ये ती अँटिऑक्सिडंट. प्रयोगशाळेतील नळीत अँथोसायनिन हे काम उत्तम करतात.

परंतु नळी म्हणजे माणूस नव्हे. खाल्लेल्या अँथोसायनिनांपैकी फार थोडा भाग मूळ रूपात रक्तात पोहोचतो. उरलेल्याचे पोटात आणि आतड्यांत निराळ्याच द्रव्यांत रूपांतर होते. अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांच्या अशा क्षमतेचे आकडे प्रसिद्ध केले होते. उत्पादक त्यांचा जाहिरातींसाठी गैरवापर करू लागले, तेव्हा 2012 मध्ये खात्याने ती यादीच मागे घेतली. त्याआधी फिनलंडमध्ये सुमारे 29 हजार धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर एक मोठी चाचणी झाली होती. गाजराला रंग देणारे बीटा-कॅरोटीन हेही अँटिऑक्सिडंटच. त्याच्या गोळ्यांनी फुप्फुसाचा कर्करोग टळेल अशी आशा होती. 1994 मध्ये निष्कर्ष हाती आले, तेव्हा गोळी घेणाऱ्यांत तो रोग 18 टक्क्यांनी अधिक आढळला. गाजर दोषी नव्हते. फळा-भाजीतून एकच द्रव्य उपसून गोळीत भरले की तेच गुण मिळतील, ही समजूत दोषी होती.

हाच धडा आपल्याकडील एका प्रथेला लागू करण्याची गरज आहे. मधुमेहावर जांभळाच्या बियांचे चूर्ण घेण्याचा प्रघात जुना आहे. त्यावर संशोधन चालू असेल तर ते जरूर व्हावे. मात्र चूर्णाच्या भरवशावर डॉक्टरांनी दिलेले औषध किंवा इन्सुलिन बंद करणे जिवावर बेतू शकते. परकीय डबीवरील जाहिरातीला हसायचे आणि देशी पुडीवरील दाव्यापुढे मात्र मान तुकवायची, हा न्याय मला पटत नाही.

मग जांभूळ खावे कशासाठी? फळ म्हणून. त्यात चोथा आहे, पाणी आहे, जिभेला जड करणारा तो तुरटपणा आहे आणि हंगामात ते सामान्य माणसाच्या आवाक्यातले आहे. बाटलीबंद सरबतात साखर वाढते आणि उष्णतेने व साठवणीने रंगद्रव्यही झिजते, म्हणून ताजे फळच बरे.

खरी चिंता निराळीच आहे. रस्तारुंदीकरणात बेंगळुरूने कित्येक जुनी झाडे गमावली. फळे पडून पदपथ आणि मोटारी रंगतात, म्हणून दारासमोर जांभूळ नको असणारेही पुष्कळ आहेत. हेसरघट्ट्यासारख्या ठिकाणी भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्था असलेल्या या शहरात नवी झाडे लावताना नुसत्या शोभेच्या वृक्षांऐवजी जांभळाची कलमे का निवडू नयेत? बियांपासून वाढवलेल्या झाडाला फळ धरण्यास 8 ते 10 वर्षे लागतात. कलमाला त्याहून कमी.