संगणकाची तिजोरी आणि तिच्या दोन किल्ल्या

गुलमंडीवरील कापडाची पेढी असो वा वाळूजमधील सुट्या भागांचा लहान कारखाना, रोजमेळ आणि खतावणी आता संगणकात गेली आहे. जुन्या वह्यांना तिजोरी होती. संगणकातील हिशेबाला ती अनेक ठिकाणी लाभलेली नाही. पाच संगणकांना एकच पासवर्ड, आणि तो काम सोडून गेलेल्या मुनीमजींनाही ठाऊक, अशी स्थिती आढळते.

केंद्रीय व्यवस्थापनात सर्व वापरकर्त्यांची नोंद एकाच ठिकाणी असते. कोणी काय पाहावे, काय बदलावे हे तेथूनच ठरते. माणूस गेला की त्याचे खाते एकदाच बंद करावे लागते. यासाठी स्वतःचा सर्व्हर ठेवता येतो किंवा मायक्रोसॉफ्ट, गुगल यांची शुल्क भरून मिळणारी सेवा घेता येते. सर्व्हर सांभाळण्यास जाणकार माणूस लागतो. म्हणून लहान पेढीस बहुधा दुसरा मार्ग सोयीचा. विंडोजची ‘होम’ आवृत्ती सर्व्हरच्या अशा व्यवस्थेत जोडता येत नाही, ‘प्रो’ लागते. हे संगणक खरेदीपूर्वीच पाहावे.

मात्र सर्व किल्ल्या एका जुडग्यात आल्या की जुडगा गमावण्याचे भयही वाढते. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या घातक प्रणालीने मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचे संगणक निकामी केले. न्हावाशेवा बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले. वापरकर्त्यांच्या केंद्रीय नोंदी ठेवणारे सर्व्हर एकामागून एक पुसले गेले. घानामधील एकच वाचला, कारण वीज गेल्याने तो त्या वेळी जाळ्यापासून तुटलेला होता. त्यातील प्रतीच्या आधारे कंपनीने व्यवस्था पुन्हा उभारली.

बँकेची तिजोरी दोन अधिकाऱ्यांच्या दोन किल्ल्यांनी उघडते. तोच नियम येथेही पाळावा. मुख्य प्रशासकाच्या खात्यावरून रोजची बिले करू नयेत. त्या खात्यास पासवर्डखेरीज मोबाइलवरील दुसरी पडताळणी असावी. त्याचा ताबा केवळ संगणक दुरुस्त करणाऱ्याकडे न राहता मालकाकडेही असावा. हिशेबाची प्रत रोज वेगळ्या डिस्कवर घ्यावी, ती डिस्क काढून दुकानाबाहेर ठेवावी आणि तीन महिन्यांनी एकदा त्या प्रतीवरून हिशेब खरोखर उघडतो का, हे तपासावे. घानामध्ये जे वीज गेल्याने योगायोगाने घडले, ते पेढीवर रोज रात्री नियमाने घडले पाहिजे.