खोलीतली तिसरी



"ताई, हे सगळं लिहून ठेवणार का?" एका तुरुंगात, पहिल्याच भेटीत, एका कच्च्या कैदी बाईनं मला विचारलं. तिला कित्येक रात्री झोप नव्हती, मुलांची खबर नव्हती. दारात महिला शिपाई उभी. मी वही मिटली. पण माझी नोंद शेवटी तुरुंगाच्या कचेरीत जमा होते, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. ती पुढे बोललीच नाही.

समाजकार्याच्या वर्गात संमती आणि गोपनीयता हे शब्द पाठ केले होते. पण जिला उठून जाता येत नाही, तिची संमती कसली? गोळी घेतली तर 'शहाणी', नाकारली तर 'त्रास देणारी'. गोळीनं तिला आराम पडतो की बराकीला शांतता मिळते, हे मला दर वेळी स्वतःला विचारावं लागतं. मारहाणीनं भेदरलेल्या बाईचं भेदरणं नुसतं आजार म्हणून नोंदवलं, तर मारणारा सुटतो.

प्रश्न नवा नाही. पत्रकार शीला बारसे यांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयानं निर्मला निकेतनच्या संचालिकांना मुंबईच्या तुरुंगातल्या स्त्रियांना भेटायला सांगितलं, तेही दुसरं कुणी हजर नसताना. त्या प्रकरणाचा निकाल 1983 चा.

2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं मोजके अपवाद सोडून गोपनीयता हा हक्क मानला. त्याचं कलम 103 सांगतं, की आजारी कैद्याला उपचारांच्या जागी हलवावं आणि तुरुंगाच्या डॉक्टरांनी दर तीन महिन्यांनी 'इथे मानसिक आजारी कैदी नाहीत' असा दाखला पुनर्विलोकन मंडळाला द्यावा. हेतू चांगलाच. पण उपचार करणाऱ्यानंच रुग्ण नसल्याचं लिहून द्यायचं, तर आजारी बाई 'नाटकी' ठरायला कितीसा वेळ? राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या हर्सूल कारागृहापासून यातलं एकही जवळ नाही.

मग जाणंच सोडावं? तर ती अगदीच एकटी पडेल. म्हणून मी जाते. काय माझ्यापाशी राहील आणि काय राहणार नाही, हे आधीच सांगते. शिपाईणबाईंना आम्ही दिसू, पण ऐकू जाणार नाही, एवढं अंतर मागते. कधी मिळतं, कधी नाही.

हे एकटीनं मागून भागणार नाही. आपापल्या जिल्ह्यातल्या तुरुंगात बायकांशी कोण बोलतं, ती वही कुठे जाते, मंडळाकडे कोणते दाखले जातात, एवढं तरी आपल्या गटांनी विचारायला हवं.