नोंद करायला हात मोकळा हवा

म्हसवडचा अत्यवस्थ रुग्ण पुढच्या उपचारासाठी साताऱ्याला किंवा मिरजेला हलवतात, तेव्हा त्याच्यासोबत एक कागद जातो. कोणतं इंजेक्शन किती वाजता दिलं, रक्तदाब किती होता, लघवी झाली का. पुढचा डॉक्टर त्यावर विसंबतो. हा कागद बहुधा सिस्टरने लिहिलेला असतो.

तो अपुरा असला की बोट तिच्याकडेच जातं. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष सर्वसाधारण रुग्णालयात 5 रुग्णांमागे 1 परिचारिका असा आहे. रात्रपाळीला कुठल्याही सरकारी वॉर्डात डोकावून मोजा! सलाईन बदलायचं, नातेवाइकांना समजवायचं, मग ड्यूटी संपताना आठवून आठवून लिहायचं. तीच माहिती पुन्हा दुसऱ्या रजिस्टरात, तिसऱ्यांदा संगणकात. 1995 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली, तेव्हापासून लिहिण्यात कोर्टाची धास्तीही मिसळली. धास्तीने लिहिलेली नोंद पानभर असते, पण रुग्णाविषयी थोडंच सांगते.

सिस्टरना नोंदी लिहिण्याचं प्रशिक्षण द्याच. पण डॉक्टर राउंडला ती नोंद उघडून वाचतात का, हेही तपासा. कोणी वाचत नसेल, तर मन लावून लिहायचं कुणासाठी? आधी रिक्त पदं भरा, दुबार रजिस्टरं बंद करा.