उंबरठ्याबाहेरची आई

हृदयविकाराचा रुग्ण इस्पितळातून घरी परतला की शेजारीपाजारी फळे घेऊन भेटीस येतात. मनोरुग्णालयातून परतणाऱ्या सुनेला मात्र दाराचे कुलूप बदललेले आढळते. मूल आत्याकडे धाडलेले असते आणि ‘आई अजून बरी नाही’ हे वाक्य त्याच्याकडून पाठ करून घेतलेले असते. आजार आटोक्यात आल्याचे डॉक्टरांनी लिहून दिले, तरी घराने एकदा मारलेला ‘वेडी’ हा शिक्का पुसण्यास कोणी तयार नसते. कुटुंबव्यवस्थेची थोरवी व्याख्यानमालांतून ऐकणाऱ्या सुशिक्षित घरांतही हे घडते, हे अधिक लाजिरवाणे!

वर ‘कायदाच तसा आहे’ असे सांगून वडीलधारी मंडळी मोकळी होतात. कायदा तसा मुळीच नाही. हिंदू विवाह कायद्याने मानसिक विकार हे घटस्फोटाचे कारण मानले खरे; पण त्या विकारामुळे सहजीवनाची वाजवी अपेक्षाच करता येऊ नये, इतकी त्याची तीव्रता असावी लागते. नुसते ‘स्किझोफ्रेनिया’ हे नाव पुरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्येच बजावले. 2013 मध्येही, हा आजार उपचारांनी आटोक्यात राहू शकतो हे ध्यानी घेऊन, न्यायालयाने एका पतीला घटस्फोट नाकारला. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार केवळ आजाराचे निदान झाले म्हणून कोणी विकलमनस्क ठरत नाही. तो निर्णय सक्षम न्यायालयाचा. मग तो सासूबाईंनी आणि दिराने दिवाणखान्यात बसून कसा दिला?

घराचेही तेच. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने पत्नीला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला. सातबारा वा सोसायटीचा दाखला कोणाच्या नावावर आहे, हा प्रश्न तेथे गैरलागू आहे. घर सासऱ्यांच्या मालकीचे असले तरी ते सामायिक घर ठरू शकते, हे 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. पुरुषही या जाचातून सुटलेला नाही. आजाराच्या भरात असलेल्या भावाकडून हक्कसोडपत्रावर सही घेणारे सख्खे भाऊ थोडे नाहीत. वास्तविक, व्यवहार समजण्याच्या स्थितीत नसताना केलेला करार 1872 च्या करार कायद्यानुसार टिकत नाही.

‘आमच्या शास्त्रातच आहे’ असे म्हणणाऱ्यांनी शास्त्र तरी नीट वाचावे. मनूने उन्मत्ताला वाटा नाकारला, पण पुढच्याच श्लोकात त्याचे अन्नवस्त्र वारसांवर बंधनकारक केले. मिताक्षराकार विज्ञानेश्वराने तर औषधोपचाराने दोष गेल्यास, वाटणीनंतरही, वाटा मिळतो असे सांगितले. बरे होणे म्हणजे बरे होणेच, हे त्याला नऊशे वर्षांपूर्वी कळत होते. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने तर कोणत्याही आजाराचे निमित्त वारशाआड येऊ दिलेले नाही.

राहता राहिले मूल. त्याचे हित सर्वोपरी, याबद्दल दुमत नाही. झटका तीव्र असताना मुलाला जपावेच लागते, प्रसंगी दूरही ठेवावे लागते. पण चार महिन्यांचा आजार चौदा वर्षांची ताटातूट कशी ठरते? तीन वर्षांखालील बाळाला उपचाराखालील आईपासून सर्वसाधारणपणे तोडू नये, तोडलेच तर दर पंधरा दिवसांनी फेरविचार करावा आणि तीस दिवसांपुढे मानसिक आरोग्य प्राधिकरणाची संमती घ्यावी, असे 2017 चा कायदा सांगतो. भर आजारात ही काळजी, मग बरे झाल्यावर दार बंद का? मुलाला आठवड्यातून एकदा, तिसऱ्या माणसाच्या देखत तरी आईला भेटू देता येते. तेवढीही मागणी न्यायालयात जाऊनच करावी लागते.

कुटुंब स्वीकारत नाही एवढ्याच कारणाने कोणाला रुग्णालयात ठेवता येणार नाही, असेही हा कायदा बजावतो. तरी येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी येथील मनोरुग्णालयांनी न्यायला कोणी न आलेली माणसे वर्षानुवर्षे पाहिली आहेत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रियांना आणि मनोरुग्णांना, उत्पन्न न पाहता, विनामूल्य वकील मिळतो. हे तिला सांगणारे घरात कोणी आहे काय?