चष्म्याला कुणी सवलत म्हणत नाही



परवा प्रार्थनेच्या वेळी आम्ही सहज मोजू लागलो. सहावी ‘अ’च्या रांगेत ४१ मुले उभी होती आणि त्यांपैकी ११ जणांच्या डोळ्यांवर चष्मा होता. मोजणाऱ्याच्या नाकावर तर होताच. ‘परीक्षेला चष्मा काढून बसा, नाहीतर बाकीच्यांवर अन्याय होईल’ असे या ११ मुलांना आजवर एकाही शिक्षकाने सांगितलेले नाही, आणि तशी तक्रार घेऊन एकही पालक आलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली अत्यावश्यक सहायक साधनांची ५० वस्तूंची यादी प्रसिद्ध केली. तिच्यात श्रवणयंत्र, चाकाची खुर्ची, ब्रेल लिहिण्याची साधने आणि संवादफलक यांच्याबरोबर चष्माही आहे. म्हणजे आपण जवळजवळ सगळेच कधी ना कधी सहायक साधन वापरणारे आहोत. फक्त चष्मा आपल्या सवयीचा झाला, म्हणून त्याकडे आपले लक्ष जात नाही.

त्याच रांगेच्या शेवटी, चाकाच्या खुर्चीत बसलेला एक विद्यार्थी आहे. त्याच्या साधनाबाबत गेल्या वर्षी आमच्या हातून मोठी चूक झाली. ती सर्वांसमोर सांगावी आणि तिच्यातून निघणारे काही निर्णय पालक व विश्वस्त मंडळापुढे ठेवावेत, यासाठी हा लेख.

या मुलाला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. बुद्धी तल्लख, कान तिखट, गणितात पहिल्या पाचांत. पण जिभेच्या आणि हातांच्या स्नायूंवर मेंदूचा पुरेसा ताबा नसल्याने शब्द स्पष्ट उमटत नाहीत. गेल्या वर्षी आईवडिलांनी त्याला एक टॅब आणून दिला. त्यावर चित्रांचे चौकोन असतात. चौकोनावर बोट ठेवले की टॅब तो शब्द मोठ्याने बोलतो आणि शब्दाला शब्द जोडून वाक्य तयार होते. आपल्या शाळेत मोबाईल आणि टॅबला बंदी आहे. वर्गशिक्षिकांनी विचारले तेव्हा आम्ही निर्णय दिला की टॅब कार्यालयातील कपाटात राहील, भाषेच्या तासाला आणि मधल्या सुटीत काढून मिळेल. नियम सर्वांना सारखा, असे म्हणून आम्ही निश्चिंत झालो.

सात आठवडे हे असेच चालले. मग एके दिवशी गणिताच्या तासाला त्याला बाहेर जाण्याची गरज लागली. त्याने आवाज केला, हात हलवला. शिक्षकांना वाटले, उत्तर सांगायची घाई झाली आहे. ‘थांब, तुझी पाळी येईल,’ असे ते म्हणाले. पुढे वर्गासमोर काय झाले असेल ते सांगायला नको. दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “सर, त्याला सांगायचं होतं. पण त्याचं सांगणं तुमच्या कपाटात होतं.”

त्या दिवसापासून टॅब त्याच्या खुर्चीवरच असतो. पण त्या बाईंचे वाक्य आमच्या डोक्यातून गेले नाही. आम्ही वाचू लागलो, जाणत्या लोकांना विचारू लागलो. तेव्हा कळले की शिकवणाऱ्यांनी केलेली ही चूक फार जुनी आहे.

लुई ब्रेल यांनी आपली सहा ठिपक्यांची लिपी १८२९ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. ते पॅरिसच्या ज्या अंधशाळेत शिकले व पुढे शिक्षक झाले, तिथेच काही वर्षांनी या लिपीवर बंदी आली. डोळस शिक्षकांना ती वाचता येत नव्हती, हे त्यामागचे एक कारण होते. मुले लपूनछपून ती लिहीत राहिली. १८५२ साली ब्रेल वारले आणि फ्रान्सने त्यांच्या लिपीला मान्यता दिली ती १८५४ साली. कर्णबधिर मुलांची गोष्ट याहून कठीण. १८८० साली इटलीतील मिलान येथे कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली. हातांच्या खुणांपेक्षा तोंडी बोलणेच श्रेष्ठ, असा ठराव तिने केला. त्यानंतर देशोदेशीच्या शाळांतून खुणांची भाषा हद्दपार झाली, मुलांच्या हातांवर छड्या बसल्या. त्याच परंपरेतील परिषदेने त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त केला तो २०१० साली, व्हँकुव्हर येथे, म्हणजे १३० वर्षांनी. या सर्व शिक्षकांचा हेतू वाईट नव्हता. आमचाही नव्हता. पण मुलाने आमच्या सोयीच्या रीतीनेच बोलावे हा हट्ट त्यांचाही होता आणि आमचाही.

मनातले सांगण्याचे साधन हाती नसले तर काय होते, हे इंदूरकरांनी जवळून पाहिले आहे. लहानपणी पाकिस्तानात पोहोचलेली, ऐकू-बोलू न शकणारी गीता २०१५ साली भारतात परतली आणि आपल्याच शहरात राहिली. तिला आपले गाव, नदी, देऊळ आठवत होते, पण गावाचे नाव कुणाला समजेल असे सांगता येत नव्हते. तिची आई मराठवाड्यात, परभणी जिल्ह्यात सापडल्याचे २०२१ साली जाहीर झाले. मराठी घरातल्या मुलीला घर सापडायला इतकी वर्षे लागली.

आता भाषेविषयी थोडे, कारण या वार्तापत्राच्या वाचकांना त्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. आमचे स्वतःचे शिक्षण पदवीपर्यंत हिंदी माध्यमातून झाले. मराठी आम्हाला घरात, आईच्या बोलण्यातून मिळाली. आपल्या बहुतेक मुलांचेही तेच आहे: शाळेत हिंदी-इंग्रजी, घरी मराठी. या मुलाचा टॅब आला तेव्हा तो फक्त हिंदीत बोलत होता. घरी तो आजीला ‘दादी’ म्हणून हाक मारू लागला. आजी म्हणाल्या, “मी कुणाची दादी? मला आजी म्हण की रे.” हसण्यावारी गेले, पण मुद्दा खरा आहे. बोलणारी मुले दोन भाषा सहज सांभाळतात. साधनावर बोलणाऱ्या मुलाला मात्र आपण त्यात जी भाषा भरून देऊ तेवढीच मिळते. चेन्नईत तयार झालेले ‘आवाज’ हे अ‍ॅप भारतीय भाषांत आहे. मुंबई आय.आय.टी.च्या आय.डी.सी. विभागात तयार झालेले ‘जेलो’ मराठीतही बोलते आणि ते विनामूल्य आहे. या मुलाच्या टॅबवर आता दोन्ही भाषा आहेत. आजीची हाक दुरुस्त झाली आहे.

‘यंत्राची सवय लागली तर मूल बोलायचा प्रयत्नच सोडेल’ अशी भीती अनेक पालक बोलून दाखवतात. या विषयात काम करणाऱ्यांचा अनुभव आणि झालेला अभ्यास तसे सांगत नाही. संवादाची साधने वापरल्याने मुलांचे तोंडी बोलणे मागे पडत नाही, काहींचे तर थोडे वाढते. आपले म्हणणे समोरच्याला कळते, हे अनुभवल्यावरच मुलाला बोलण्याची उमेद येते.

खर्चाचा प्रश्न नेहमी आधी येतो, म्हणून हेही सांगितले पाहिजे की यातले पुष्कळसे स्वस्त किंवा फुकट आहे. पुठ्ठ्यावर ‘पाणी’, ‘बाहेर जायचे आहे’, ‘दुखते आहे’, ‘समजले नाही’, ‘हो’, ‘नाही’ अशी चित्रे चिकटवून वर्गात टांगली, तर टॅबची बॅटरी संपली तरी मूल मुके राहत नाही. श्रवणयंत्र पंख्याची घरघरही मोठी करते. म्हणून ते वापरणाऱ्या मुलाला पंख्यापासून दूर, पुढच्या बाकावर बसवावे आणि शिक्षकांनी फळ्याकडे तोंड करून बोलू नये. याला एक पैसा लागत नाही. संगणकाचा पडदा वाचून दाखवणारे ‘एन.व्ही.डी.ए.’ हे सॉफ्टवेअर ऑस्ट्रेलियातील मायकेल करन व जेम्स टेह या दोन दृष्टिहीन मित्रांच्या प्रयत्नांतून उभे राहिले. २००६ साली त्याचे काम सुरू झाले आणि ते आजही मोफत मिळते.

याच संदर्भात आमची आणखी एक चूक. आपल्या शाळेचा एक दृष्टिहीन माजी विद्यार्थी आता बँकेत नोकरी करतो. त्याला हे वार्तापत्र आम्ही नेमाने ई-मेलने पाठवत असू. मध्यंतरी भेट झाली तेव्हा तो म्हणाला, “सर, तुमचा एकही अंक मला वाचता आलेला नाही.” कारण अगदी साधे होते. आपले वार्तापत्र कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये जुळवले जाई. त्यात कागदावर ‘का’ दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती ‘डी’ आणि ‘के’ ही इंग्रजी अक्षरे असतात. वाचणारे सॉफ्टवेअर बिचारे ‘डी के, डी के’ असेच काहीतरी म्हणत राहते. युनिकोडमध्ये टाइप केले की तोच मजकूर मराठीत वाचला जातो. म्हणून या अंकापासून वार्तापत्र युनिकोडमध्ये आहे.

कायदा काय सांगतो, तेही पाहू. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. शाळांनी अशा मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यावा, गरजेनुसार व्यवस्था करावी आणि अंध व कर्णबधिर मुलांना त्यांना योग्य अशा भाषेत व संवादाच्या रीतीने शिकवावे, असे त्यात स्पष्ट आहे. ज्यांचे दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक प्रमाणित आहे, अशा विद्यार्थ्यांना १८ वर्षांपर्यंत पुस्तके व सहायक साधने मोफत देण्याची जबाबदारी शासनावर आहे. पालकांनी प्रमाणपत्र काढायला संकोच करू नये. ‘नाव लागेल’ या भीतीने मुलाचा हक्क बुडतो. परीक्षेतील जादा वेळेवरही कुरकुर ऐकू येते. केंद्र शासनाच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो तासाला किमान २० मिनिटे, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास आहे. ‘मग आमच्या मुलालाही द्या,’ असे एक पालक म्हणाले. ज्याला एक ओळ लिहायला इतरांच्या तिप्पट वेळ लागतो, त्याला तो तास हात चालवण्यासाठी मिळतो, विचार करण्यासाठी नव्हे.

आता विश्वस्त मंडळापुढे चार गोष्टी ठेवतो.

पहिली: मोबाईलबंदीच्या नियमात लेखी दुरुस्ती व्हावी की विद्यार्थ्याचे सहायक साधन कोणत्याही कारणाने, शिक्षा म्हणूनही, काढून घेतले जाणार नाही. आज ते आमच्या तोंडी आदेशावर चालले आहे. आमच्यानंतर येणाऱ्यांच्या मर्जीवर ते राहू नये.

दुसरी: सर्व सूचनापत्रके व अभ्याससाहित्य युनिकोडमध्येच तयार व्हावे.

तिसरी: स्नेहसंमेलनाच्या मंडप-रोषणाईवरील खर्चातून थोडी रक्कम दरवर्षी बाजूला काढावी. श्रवणयंत्राचे सेल, साधनांची दुरुस्ती आणि दोन शिक्षकांचे प्रशिक्षण एवढ्यासाठी ती पुरेल. दान मिळालेली साधने बिघडून पडून राहतात ती बहुधा दुरुस्तीअभावी.

चौथी गोष्ट लहान वाटेल, पण आमच्या दृष्टीने सर्वांत मोठी आहे. १ ऑगस्टला, लोकमान्यांच्या पुण्यतिथीला होणाऱ्या वक्तृत्व स्पर्धेत या मुलाने नाव दिले आहे. ‘बोलणार यंत्र, मग बक्षीस यंत्राला का?’ असा आक्षेप दोन सन्माननीय सदस्यांनी घेतला आहे. त्यांच्या भावनेचा आदर ठेवून आमचे मत असे की आवाज यंत्राचा असला तरी कोणता मुद्दा आधी, कोणता नंतर, कुठे थांबायचे, हे त्याने स्वतः ठरवले आहे. चार मिनिटांच्या भाषणासाठी तो तीन आठवडे एकेक शब्द जुळवतो आहे. आमच्या वेळी वडिलांनी लिहून दिलेले भाषण पाठ म्हणून अनेकांनी बक्षिसे घेतली, त्यांत आम्हीही होतो. त्याचे गुण आवाजाच्या चढउतारावर न देता विचार व मांडणीवर द्यावेत, आणि वेळेची मर्यादा त्याच्यासाठी सैल करावी. निर्णय मंडळाचा असेल, पण आमचे मत आम्ही इथे नोंदवून ठेवतो.

विद्यार्थी मित्रांनो, शेवटचे तुमच्यासाठी. हिंदीत ‘हम’ हा एकच शब्द आहे. मराठीत ‘आम्ही’ वेगळे आणि ‘आपण’ वेगळे. तुमच्या या मित्राच्या टॅबवर मराठी आल्यावर मधल्या सुटीत त्याने जुळवलेले पहिले वाक्य वर्गशिक्षिकांनी आम्हाला सांगितले. ते होते, ‘आपण खेळू.’ त्याच्यासाठी खेळाचे नियम थोडे बदलावे लागतील. ते कसे बदलायचे हे तुम्ही आमच्यापेक्षा लवकर ठरवाल, अशी खात्री आहे.

पालकांनी आपली मते, विरोधी असली तरी, कार्यालयात लेखी द्यावीत. पुढील अंकात त्यांचा परामर्श घेऊ.

— प्राचार्य